अळणी डोहाळे

आमच्या घरात मीठ कधी विकत आणलं नाही. बाबा मिठागरात कामाला होते, त्यांच्या आधी आजोबाही तिथेच होते, त्यामुळे हंगाम संपला की मिठाची एक गोण घरी यायची आणि पडवीच्या कोपऱ्यात विटांवर टाकलेल्या फळीवर बसायची. पावसाळ्यात त्या गोणीला पाणी सुटायचं. हवेतला ओलावा ओढून घेऊन ती गळत राहायची आणि आईने खाली ठेवलेल्या जर्मनच्या टोपात थेंब पडल्याचा आवाज घरभर ऐकू यायचा. ते पाणी इतकं खारट असायचं की आई ते अंगणाच्या कडेचं गवत मारायला ओतायची. आता माझ्या फ्लॅटमध्ये मीठ प्लास्टिकच्या पिशवीतून येतं, बारा महिने कोरडंठाक असतं, आणि मी ते डाळीत टाकताना औषध टाकावं तसं टाकते.

खाडीचं पाणी मिठागरात कसं घेतात हे मला अक्षरं यायच्या आधीपासून माहीत होतं. बांधामध्ये लाकडी दार असायचं, त्याला आमच्याकडे उघाडी म्हणत. मोठी भरती आली की उघाडी उचलायची, पाणी आत येऊ द्यायचं, आणि ओहोटी लागायच्या आत दार खाली पाडायचं. आलेलं पाणी परत जाऊ द्यायचं नाही. मग ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडत न्यायचं, उन्हाने ते दाट होत जायचं आणि शेवटच्या वाफ्यात पांढरं धरायचं. बाबा लांब दांड्याच्या फळीने ते कडेला ओढायचे. ती खरखर, आणि दुपारी सगळे जेवायला बसले की एकदम पडणारी शांतता, हे माझ्या बालपणाचे आवाज. त्या बाजूला आता भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीच्या इमारती आहेत. रिक्षाने तिकडून जाताना मी अजून बांध कुठे होता ते शोधते. सापडत नाही.

समुद्रकाठच्या पाली गावाहून फिलूमावशी यायची. ती कोळीण. टोपलीत खारा बांगडा, खारी सुरमई घेऊन यायची आणि जाताना आमच्याकडून मीठ न्यायची, मासळी खारवायला. पडवीत पाय पसरून बसायची आणि आईला म्हणायची, "तुजा मीठ माज्या माशात, आनि माजा मासा तुज्या पोटात. आपला हिशोब पुरा!" असं म्हणून स्वतःच जोरात हसायची. तांदळाची गरम भाकरी आणि निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा हे आमचं रोजचं जेवण होतं. ताजी मासळी पाहुणा आला की. आई बांगड्याचा काटा काढून मऊ भाग माझ्या भाकरीवर ठेवायची, कारण मी मागत नसे. मी काहीच मागत नसे. वाढलं तर खायचं, नाही वाढलं तर पाणी पिऊन उठायचं. आई म्हणायची, "या पोरीच्या तोंडाला देवानं कुलूप लावलंय."

चौथीत असताना मला ताप आला. आधी घसा दुखला, मग एक गुडघा सुजला, तो बरा होतोय तोवर दुसरा, मग मनगटं. सूज एका सांध्यातून उठून दुसऱ्यात जाऊन बसायची. मला शौचालाही उचलून नेत. इंजेक्शनं झाली, ताप गेला, पण तेवढ्यात वर्ष गेलं, आणि पुढच्या वर्षी माझ्यापेक्षा लहान मुलींबरोबर बसायची मला इतकी लाज वाटली की मी गेलेच नाही. कुणी जबरदस्ती केली नाही. डॉक्टरांनी पुष्कळ वर्षं इंजेक्शन घ्यायला सांगितलं होतं, असं बाबांना नंतर आठवलं. पण पोरगी चालते, खेळते, पाणी भरते, मग सुई कशाला टोचायची?

लग्न होऊन मी मीरा रोडला आले, शांती नगरमध्ये. सासरची माणसं मुंबईतून नुकतीच तिकडे राहायला आलेली. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि पाणी टँकरचं. टँकरचा हॉर्न वाजला की सगळ्या बायका बादल्या घेऊन खाली धावायच्या. शेजारची गुजराती भाभी माझ्यामागून निघून माझ्याआधी वर पोहोचायची आणि कठड्यावरून ओरडायची, "अरे सुमन, आरामसे आ! पानी भाग नहीं जाएगा!" मी प्रत्येक जिन्याच्या वळणावर बादली खाली ठेवून उभी राहायची. सासूबाई वाईट नव्हत्या, पण बोलायच्या. "मिठागरवाल्यांची मुलगी म्हणून केली, म्हटलं अंगात ताकद असेल. ही तर आमच्यापेक्षा नाजूक निघाली!" मला वाटायचं खरंच असेल, मी आळशी असेन. दम लागणं हा आजार असतो हे मला माहीत नव्हतं. जिना चढलं की छातीत धडधड होणार, ती प्रत्येकालाच होत असणार, फक्त मी ती सहन करायला कमी पडते, असं मी धरून चालले होते.

मला दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात ते धरून चालणं संपलं. मला आडवं झोपता येईना. भिंतीला टेकून बसलं की बरं वाटायचं. बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, आणि मला हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते मुंबईहून आठवड्यातून एकदा भाईंदरला यायचे. हे रजा काढून आले, बाबा मिठागरातून तसेच आले, पायांना वाळलेला चिखल घेऊन. मी दोघांच्या मध्ये मान खाली घालून बसले.

"लहानपणी सांधे सुजले होते का?" डॉक्टरांनी विचारलं.

मी होकाराची मान हलवली. बाबा म्हणाले, "हा, चौथीत होती तवा. ताप व्हता. गेला."

"ताप गेला, पण जाताना झडप खराब करून गेला," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कागदावर चार चौकोन काढले. दोन वर, दोन खाली.

ते मला आजही तसंच आठवतं. अंगभर फिरून दमलेलं, काळसर रक्त उजवीकडच्या वरच्या खोलीत येतं, तिथून खालच्या खोलीत उतरतं, खालची खोली आवळली की फुप्फुसात जातं. तिथे हवा घेऊन लाल होतं आणि डावीकडच्या वरच्या खोलीत येतं, तिथून पुन्हा खाली. ही शेवटची खोली सगळ्यात दणकट. ती आवळली की रक्त डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाऊन पोहोचतं, आणि फिरून पहिल्या खोलीत येतं. खोल्यांच्या तोंडाशी दारं आहेत, एकाच बाजूला उघडणारी. "आम्ही नळी लावून ठोके ऐकतो ना, तो ही दारं बंद होण्याचा आवाज असतो," ते म्हणाले.

बाबा खुर्चीत पुढे सरकले. "म्हंजे उघाडी. भरतीचं पानी आत घेतलं की पाडाची. परत जाव द्यायाचं न्हाय."

"बरोबर! अगदी बरोबर!" डॉक्टरांना आनंद झाला. "आता हिचं या डाव्या बाजूचं दार त्या तापाने आखडलंय. पूर्ण उघडतच नाही. एरवी चालून गेलं. पण पोटात बाळ आहे, त्यालाही पोसायचंय, म्हणून अंगातलं रक्त वाढतं. पाणी वाढलं, दार तेवढंच. मग मागे काय होणार?"

"मागं तुंबनार."

"तुंबणार. मागे फुप्फुसं आहेत. तिथे रक्त तुंबलं की त्यातलं पाणी फुप्फुसात झिरपतं. म्हणून दम लागतो. त्यात ठोके जलद झाले की दार उघडं राहायला वेळच मिळत नाही."

"भरती घाईत आली तर आगर भरत न्हाय," बाबा म्हणाले, आणि डॉक्टरांनी टेबलावर हात मारला. एकाच धंद्यातली दोन माणसं भेटल्यासारखे ते बोलत होते. मला बाबांचा अभिमान वाटला. यांनीही माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, बघ तुझे बाबा, असं. मग डॉक्टर औषध लिहायला लागले. आराम. उशीवर उशी. पाणी काढून टाकणारी गोळी. आणि शेवटी, पेनाचं टोपण लावता लावता, "मीठ बंद."

बाबा हसले. "मिठागरवाल्याच्या पोरीला मीठ बंद? मंग आमी मीठ काढाचं कोनासाठी, डॉक्टर?"

"जगासाठी काढा. हिच्यासाठी नको," डॉक्टरही हसले. बाहेर बाकावर लोक थांबले होते. आम्ही उठलो.

बाबांना दार कळलं होतं, आणि दार इतकं छान कळलं म्हणून आम्हा सगळ्यांना वाटलं की सगळंच कळलं. मीठ का बंद, हे कुणी विचारलं नाही आणि डॉक्टरांना सांगायची गरज वाटली नाही. मीठ पाणी धरून ठेवतं. पोटात गेलेलं मीठ रक्तात पाणी ओढून घेतं, रक्त वाढतं, आणि त्या आखडलेल्या दाराशी गर्दी आणखी वाढते. एवढंच होतं. आमच्या पडवीतली गोण हे दर पावसाळ्यात करून दाखवत होती. पण पडवीतल्या गोणीचा आणि माणसाच्या छातीचा संबंध लावून देणारं कुणीतरी असावं लागतं.

पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून मी आईकडे आले. आईने मिठाचं ऐकलं. उठून चुलीजवळची मिठाची बरणी उचलली आणि माळ्यावर नेऊन ठेवली. "आता बगते, कसं जातंय तुज्या पोटात," म्हणाली. माझ्यासाठी वेगळा टोप काढला. अळणी डाळ, अळणी भाजी, भाकरीच्या उकडीतसुद्धा मीठ नाही. आणि आठवड्याभरात तिने स्वतःही अळणी खायला सुरुवात केली. "पोरीनं अळणी गिळावं आनि आयनं चवीनं खावं? घशाखाली जाईल का?" तिच्याकडे बघून बाबाही निमूट जेवू लागले. दादा तेवढा मिठाची पुडी खिशात ठेवून यायचा आणि आईची पाठ वळली की डाळीवर भुरभुरायचा. एकदा आईने पकडलं. "चोर रे चोर! बहिनीसाटी चार दिस जीभ आवरना याला!" दादा म्हणाला, "तिच्या हृदयाला काय माझ्या डाळीतलं मीठ कळतंय?" वहिनी पदर तोंडाला लावून हसली. मी पण हसले. त्या घरात तेव्हा मला फार बरं वाटत होतं, हे लिहायलाच हवं.

पण तोंडाची चव गेली होती. घास फिरत राहायचा. आणि एका दुपारी शेजारच्या काकूंच्या चुलीवरून भाजलेल्या खाऱ्या बांगड्याचा वास आला. मी उठले आणि मागच्या दारात जाऊन उभी राहिले, बस. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"डोहाळं लागलं गो तुला?"

"नाही."

"न्हाय बोलू नको. तोंडाला पानी सुटलंय तुज्या. डोहाळं मारलं तर लेकराचा कान फुटतो."

तिने टोपलीतून दोन बांगडे काढले, दोन पाण्यांनी चोळून धुतले, निखाऱ्यावर ठेवले. वहिनी दहावी झालेली होती, ती हळूच म्हणाली, "आई, खारं आहे ते."

"खारं हाय म्हनजे मीठ हाय का? मीठ माळ्यावर हाय, बरनीत," आई म्हणाली. "ते मासं हाय. आनि दोन पान्यांनी धुतलंय. काय ऱ्हातंय त्यात?"

वहिनीलाही ते पटलं, तिने ताट मांडलं. यात काही चुकतंय असं आमच्यातल्या कुणालाच वाटलं नाही. आमच्याकडे मीठ म्हणजे मीठ होतं. पांढरं, बरणीतलं, वरून घालायचं. खारा बांगडा हा मासा होता, तो आमच्या ताटात भाकरीइतकाच साधा होता. आईने काटा काढला, मऊ भाग माझ्या अळणी भाकरीवर ठेवला. मी खाल्लं. इतक्या दिवसांनी जिभेला जाग आली. न मागता मला जे हवं होतं ते कुणीतरी ओळखलं होतं, आणि माझ्यापुढे आणून ठेवलं होतं. असं माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

मग ते रोजचं झालं. फिलूमावशीला कळलं तेव्हा ती निवडून मोठे बांगडे घेऊन आली. "गरवारशी पोर खातंय ना, मग दे तिला! बदल्यात मीठ नको मना आता, आशेच ऱ्हाव दे," म्हणाली. आई माझ्यासमोर अळणी भाकरी आणि अळणी डाळ घेऊन बसायची, मला मासा भरवायची, आणि स्वतः त्यातला तुकडाही तोंडात टाकायची नाही.

माझे पाय सुजायला लागले. बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. चेहरा भरला. येणाऱ्या जाणाऱ्या बायका म्हणायच्या, "माहेरचं अन्न अंगी लागलं. तेज बघा किती आलंय!" आई खूश व्हायची, माझी दृष्ट काढायची. गोळी मी घेत होते. उशांची उतरंड वाढत चालली होती, मी जवळजवळ बसूनच झोपायची, आणि मधूनच कोरडा खोकला यायचा. पुढच्या भेटीला डॉक्टरांना सांगू असं ठरलं. पण त्याआधी सातव्या महिन्याचं डोहाळजेवण आलं.

दुपारची वेळ होती. अंगणात खुर्ची सजवली होती, मला हिरवं लुगडं नेसवलं होतं, हातात, गळ्यात, केसांत फुलं. सासूबाई शांती नगरहून चार बायका घेऊन आल्या होत्या, आमच्या गावातल्या तर सगळ्याच. आईने सकाळी मला भरपेट जेवू घातलं होतं, मधे भूक लागू नये म्हणून. गाणी चालली होती, एकमेकींच्या सासवांची नावं घालून थट्टा चालली होती. मग दोन झाकलेल्या वाट्या पुढे आणल्या. एकीत पेढा, दुसरीत बर्फी. ज्या वाटीला हात लागेल त्यावरून मुलगा की मुलगी ते ठरायचं. सगळ्या ओरडत होत्या, "उचल, उचल!" आणि माझा हात उचलेना. हवा आत येत होती पण कुठेच पोहोचत नव्हती. छातीत बुडबुड असा आवाज येत होता, तो मला स्वतःला ऐकू येत होता. खोकला आला आणि हिरव्या पदरावर गुलाबी फेस पडला. आधी दोघीतिघी हसल्या, त्यांना वाटलं मी पान खाल्लंय. मग गाणं थांबलं.

बाबा धावत जाऊन रिक्षा घेऊन आले. स्टेशनजवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. माझं डोकं उंच करून तोंडावर ऑक्सिजन लावला, शिरेतून इंजेक्शन दिलं. पाण्यात बुडालेल्या माणसाचे केस धरून कुणी त्याला हळूहळू वर ओढावं तसं वाटत होतं. थोड्या वेळाने लघवी सुरू झाली ती थांबेचना, आणि जसजसं पाणी जाऊ लागलं तसतशी हवा आत येऊ लागली. बाळ हललं. ते हललं तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बाळाचे ठोके ऐकले, नर्सला मोठ्या हॉस्पिटलला फोन लावायला सांगितला, आणि पलंगाभोवती उभ्या असलेल्या आमच्या माणसांना विचारलं, "मीठ बंद होतं ना?"

आई पुढे झाली. "व्हय डॉक्टरबाई. देवीची शप्पत. बरनी मी माळ्यावर टाकली. मी सोता अळणी खातंय, इचारा कुनालाबी."

"मग जेवणात काय काय होतं?"

आईने सांगितलं. तिच्या आवाजात अभिमान होता. परीक्षेत नेमका येणारा प्रश्न विचारल्यासारखा. "अळणी भाकरी, अळणी डाळ, आनि खारा बांगडा. डोहाळं व्हतं तिला."

डॉक्टरीणबाईंचा लिहिणारा हात थांबला. "कधीतरी?"

"रोज. दोन टायमाला."

"अहो मावशी," त्या म्हणाल्या, "तो मिठातच मुरवलेला असतो ना! मीठ बंद म्हणजे आधी तो बंद!"

त्या ओरडल्या नाहीत. त्यांचा आवाज थकलेला होता, इतकंच. पण खोलीत सगळे होते. हे होते, बाबा, वहिनी, सासूबाई. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे माहेरीच हिला..." आणि वाक्य अर्धंच सोडून दिलं. आई डॉक्टरीणबाईंकडे बघत राहिली. तिला समजायला वेळ लागत होता, आणि समजत होतं ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. माझ्या तोंडावर मास्क होता.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात मला बाळंत होईपर्यंत ठेवून घेतलं. माझा मुलगा सागर दिवस भरायच्या महिनाभर आधी झाला, एवढासा, काचेच्या पेटीत ठेवावा लागला, पण जगला. पुढे माझ्या मांडीतल्या शिरेतून नळी घालून हृदयापर्यंत नेली, त्या आखडलेल्या दारात फुगा फुगवला आणि ते उघडलं. मला वाटलं होतं खूप दुखेल. दुसऱ्या दिवशी मी वॉर्डातून खिडकीपर्यंत चालत गेले आणि दम लागला नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की बाकीची माणसं चालताना कशी चालतात. दुसरं मूल नको, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते आम्ही पाळलं.

आई हॉस्पिटलात रोज यायची, पण डबा वहिनी आणायची. मी माहेरी गेले तेव्हा बाळंतिणीचं सगळं वहिनीने केलं. आई अंगणात पाणी तापवायची, बाळाला न्हाऊ घालायची, धुरी द्यायची, चुलीकडे मात्र यायची नाही. मला वाटलं दमली असेल. मग दिवाळीला गेले, गणपतीला गेले, उन्हाळ्यात गेले. प्रत्येक वेळी वहिनीच वाढायची. आई आता घरातल्या इतरांसाठी पुन्हा रांधायची, सागरला तर मांडीवर घेऊन काटा काढून मासा भरवायची, पण माझ्या ताटात तिच्या हातचा घास पुन्हा पडला नाही. मला फक्त चहा करून द्यायची. फिलूमावशीशी ती भांडली नाही, पण मावशी आली की आत निघून जायची, आणि हळूहळू मावशीही यायची थांबली. बाबांनी कधी विषय काढला नाही. पुढे मिठागर बंद झालं, त्यांनाही बोलायला फारसं काही उरलं नाही.

मी तिला एकदा तरी म्हणायला हवं होतं, आई, वाढ मला. किती साधं वाक्य आहे. ती वाढेल, मी खाईन, आणि ते सगळं तिथेच संपेल, असं मी दर वेळी रिक्षात बसताना ठरवायची. आणि उंबरा ओलांडला की माझ्या तोंडाला ते देवाचं कुलूप लागायचं.

बऱ्याच वर्षांनी मी तपासणीला गेले होते. ते छातीवर गार औषध लावून यंत्र फिरवतात आणि समोर टीव्हीवर हृदय दिसतं. तिथल्या बाईंना मी धीर करून विचारलं, की माझं ते दार कुठलं? त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. दोन पातळ पाती होती, उघडत होती, मिटत होती. मी कितीतरी वेळ बघत राहिले. मग मी आणखी विचारलं, त्या वेळी बांगडा खाल्ला नसता तर? त्या म्हणाल्या, "दार इतकं आखडलेलं असताना गरोदरपणात त्रास होणारच होता हो. मिठाने तो लवकर झाला, जास्त झाला. पण मूळ दुखणं तापाचं, तुमच्या चौथीतलं."

हे आईला सांगायचं, असं मी ठरवलं आणि या वेळी खरंच गेले. घरात दुसरं कुणी नव्हतं. तिने चहा केला. मी जमिनीवर बोटाने चार खोल्या काढल्या, रक्त कुठून येतं, कुठे जातं ते दाखवलं, आखडलेलं दार दाखवलं, ताप कधीचा, रक्त कधी वाढलं, पाणी का झिरपलं, सगळं सांगितलं. मी एका दमात इतकं कधीच बोलले नव्हते. आई कान देऊन ऐकत होती. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून ती माझ्या ओठांकडे बघत होती. मी म्हणाले, "तुझ्यामुळे नाही झालं ते, आई. थोडं मिठाने झालं, पण तुझ्यामुळे नाही."

मी दार दाखवलं होतं तिथे तिने जमिनीवर हात ठेवला. मग म्हणाली, "तू शिकून आलीस ते खरं असंल गो. मी कशाला खोटं बोलू? पन तू खाताना हसत व्हतीस. ते मला इसरता येत न्हाय."

मला म्हणायचं होतं, मलाही येत नाही, आणि मला ते विसरायचंही नाही. तेवढ्यात तिने माझ्या हातातला रिकामा कप घेतला आणि धुवायला मोरीकडे गेली.